घंटा नसलेला दोर

कंदील जरा इकडे सरकवा. गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे, पण आजही ती सांगताना माझे हात आधी जोडले जातात.

सन चौपन्नचा पौष होता. जर्मनीत यंत्रविद्या शिकून मी नुकताच परतलो होतो आणि अंबरनाथच्या एका कारखान्यात लागलो होतो. नव्या देशात एकही माणूस अंगठाछाप राहू नये या ध्यासानं दर शनिवार-रविवार बदलापूरच्या पुढे, बारवीकाठच्या एका पाड्यात मुक्काम करून प्रौढांना शिकवायचो. सोमवारी पहाटे हिरामणची बैलगाडी गवताचे भारे घेऊन बदलापूर स्टेशनला जायची, तिच्यात बसून परत.

त्या सोमवारी मात्र हिरामणनं भारे आणि ते बांधायचा दोर अंगणातच टाकला आणि गाडीत गोधड्या अंथरल्या. त्याची बायको अंजनी रात्रभर कळा देत होती. सुईण इंदुबाई ओट्यावरून म्हणाली, "मूल आडवं हाय. ऊन चढायच्या आत बदलापूरच्या डाक्तरीनबाईकडं पोचली तर दोघं वाचतील. न्हाय तर..." पुढचं तिनं पदरात गिळलं.

नदी ओलांडली आणि धुकं आलं. असं दाट की बैलांची शिंगं दिसेनात. ओल्या पेंढ्याचा वास, चाकांची कुरकुर आणि मागे अंजनीचं कण्हणं, एवढंच जग उरलं. मोडक्या फांदीची एक जांभूळ उजवीकडून गेली. बऱ्याच वेळानं पुन्हा तीच जांभूळ आली. मग पुन्हा.

हिरामणनं गाडी थांबवली, अंगातली बंडी काढून उलटी घातली.

"हे काय?"

"चकवा लागलाय, मास्तर. कापडं उलटी घातली की सोडतो."

"अरे, चकवा वगैरे काही नसतं. धुक्यात माणूस आपसूक गोल फिरतो. चल तू."

"चला म्हंता, पर कंच्या अंगाला?" तो कडवट हसला. "तुमच्या जर्मनीत वाट चुकली म्हंजी काय करत्यात?"

मला उत्तर माहीत होतं. ग्राउबाख गावात मी चर्चच्या सेवेकऱ्याच्या घरी राहायचो. म्हातारा ब्रेमर. चर्च फार जुनं होतं. एकदा आगीत जळून पुन्हा उभं राहिलेलं, भिंती हातभर जाड. काही शतकांपूर्वी एक कापडवाला गावाबाहेरच्या दलदलीत धुक्यात हरवला आणि चर्चच्या घंटेच्या आवाजावर चालत जीव वाचवून आला. मरताना त्यानं आपली जमीन चर्चला दिली, एका अटीवर: धुकं पडलं की घंटा वाजलीच पाहिजे, कायम. आगीत घंटेला चीर गेली होती, म्हणून दोन टोले स्वच्छ आणि तिसरा बसका पडायचा. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं ती घंटा उतरवली आणि तोफांसाठी वितळवली. मी गेलो तेव्हा मनोऱ्यात नुसता दोर लोंबत होता. तरी धुकं पडलं की ब्रेमर जाऊन तो ओढायचा. दोर करकरायचा, बाकी काही नाही. मी विचारलं होतं, "हे कोणाला ऐकू जाणार?" तो म्हणाला होता, "जो हरवलाय त्याला."

"घंटा वाजवतात," मी हिरामणला एवढंच म्हणालो.

"मंग वाजवा की!"

मागून अंजनीची किंकाळी आली. मग ती एकदम गप्प झाली. इतकी गप्प, की हिरामणला वळून बघायचा धीर होईना...

आणि तेव्हा करकर ऐकू आली. चाकांची नव्हती, चाकं थांबलेली होती. वर कुठेतरी उंचावर जाड दोर ताणला जात होता. हवेत मेणबत्ती विझल्याचा वास आला.

टण... टण... ठण्.

तिसरा बसका.

"देवळाची घंटा," हिरामण कुजबुजला. "पर हितं देऊळ कुठलं..."

बैलांनी कान टवकारले आणि ते आपणहून वळले. टोले पुढे सरकत होते, आम्ही मागे. अखेर धुक्यातून डॉक्टरीणबाईंच्या घराची कौलं वर आली आणि आवाज थांबला.

मुलगी झाली. दोघी वाचल्या. हात पुसत बाहेर येत डॉक्टर मालिनीबाई म्हणाल्या, "थोडा जरी उशीर झाला असता तर माझ्या हातात काही नव्हतं." मग हिरामणवर डाफरल्या, "आणि तिला दोर कशाला धरायला दिलात? तळवे सोलून निघालेत!"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. गाडीत दोर नव्हता.

अंजनी डोळे मिटूनच बोलली. "थकला व्हता बिचारा म्हातारा. म्हनला, पोरी, जरा तू वढ."

"कुठल्या भाषेत म्हणाला?" मी विचारलं.

"आता भाषा कसली, मास्तर? मला समजलं."

बारशाच्या सकाळी पुन्हा धुकं होतं. पाड्यातल्या बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या. इतक्यात खांद्यावर गठडी घेतलेला, कमरेपर्यंत भिजलेला एक माणूस दारात येऊन कोसळला. निर्वासितांच्या कॅम्पातला सिंधी कापडवाला होता तो.

"साईं, तुम्हारा मंदिर किधर है?" तो धापा टाकत होता. "घंटी सुनी तो मुड़ गया, नहीं तो नदी में ही जाता. मत्था टेकना है."

"हितं मंदिर न्हाय, बाबा," इंदुबाई म्हणाली आणि बोलता बोलता थांबली.

पाळण्याची दोरी कोणाच्याच हातात नव्हती. तरी ती ताठ होती. करकरून एकदा ओढली गेली, दोनदा, आणि तिसऱ्यांदा जरा जड. मुलगी शांत झोपली होती. अंजनीनं आपले तळवे छातीशी घट्ट धरले.

मी हात जोडले. मनापासून जोडले, आम्हा सगळ्यांवर त्या दोराचं ऋण होतं. दोरी सैल पडली. कापडवाला घरात आला, बायकांनी त्याला पाणी दिलं, कोणीतरी दार लोटून घेतलं.

मग दोरी पुन्हा ताणली गेली.

बाहेर धुक्यात आणखी कोणीतरी होतं.