मधल्या ठिगळावरचा डाग

शटर अर्धं ओढून घ्या रे, वारा आत येतोय. कोपऱ्यातला दिवा मात्र राहू द्या. ही हकिगत पलीकडच्या लाँड्रीवाल्या मामांची. माणूस हयात आहे, दुकान चालू आहे. खोटं वाटलं तर सकाळी जाऊन विचारा. फक्त इस्त्री तापलेली असताना विचारू नका. का, ते कळेलच.

मामांचा डागांवर भारी हात. गिऱ्हाईक डागाबद्दल हटकून खोटं बोलतं, हे त्यांचं ठाम मत. एकाने कोट आणला आणि म्हणाला, सॉस सांडलाय. मामांनी कोट नाकाशी नेला. "साहेब, सॉस नाकातून येत नाही. ठोसा कुणी मारला?" तो बिचारा ओशाळून बायकोकडे बघायला लागला. रक्ताचा डाग आला की मामांचा दुकानभर एकच गजर, "थंड पाणी! फक्त थंड! ऊन पाणी लागलं की रक्त अंड्यासारखं शिजून बसतं. मग माझ्याकडे रडत येऊ नका."

एवढा जाणता माणूस. आणि नेमकी तीच चूक त्याच्या हातून व्हावी?

गेल्या जानेवारीतला दुसरा बुधवार. थंडी मी म्हणत होती. मामांची लेक दवाखान्यात बाळंत झाली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाला घेऊन घरी यायची होती. मामी मात्र नात बघायला राहिल्या नव्हत्या, पावसाळ्यातच गेल्या. जाण्याआधी नातवंडासाठी गोधडी तेवढी शिवून ठेवली. लेकीचे लहानपणीचे फ्रॉक, जुन्या पडद्यांचे तुकडे, आणि मधोमध मामांच्या पांढऱ्या शर्टाचं ठिगळ. शेवटचा टाका घालताना सुई बोटात गेली आणि टपोरा थेंब बरोबर त्या ठिगळावर पडला. मामांनी सवयीने हात पुढे केला.

"अहो, तुम्ही हात लावू नका," मामी म्हणाल्या. "मीच काढते."

मामींची रीत वेगळी होती. पांढरा दोरा दातांनी तोडायचा, तोंडात घोळवायचा, त्याचा ओला बोळा करून थेंबावर टिपायचा. "माझं रक्त माझ्याच थुंकीने निघतं. तुमच्या बाटल्या ठेवा गिऱ्हाइकांसाठी." मामा चिडवायचे, "मग दुकानाबाहेर पाटीच लावतो, इथे थुंकून मिळेल!"

त्या दिवशी दोरा तोंडात घातला आणि मामींना भोवळ आली. दवाखान्यात नेलं. परत आल्या नाहीत. गोधडी डागासकट कपाटात राहिली.

बुधवारी दुपारी लेकीचा फोन आला.

"बाबा, बाळाला आईच्याच गोधडीत आणायचंय. दुसरं काही नको."

"आणतो की."

"पण तो डाग... बाबा, आईचं रक्त बघवणार नाही हो मला."

"अगं, बाप कोणाचा आहे? सकाळी नव्यासारखी बघ."

मामा गोधडी दुकानात घेऊन आले, टेबलावर ठेवली. तेवढ्यात एक बाई हरवलेल्या बटणावरून हुज्जत घालायला आली. टेबलावरच दवाखान्याच्या चादरींचा ढीग होता. त्या उकळत्या पाण्यात धुवायच्या असतात. बाईंना उत्तरं देत देतच मामांनी ढीग कवेत घेतला आणि मशीनमध्ये कोंबला. मशीन थांबल्यावर दार उघडलं, तर चादरींतून फ्रॉकचा निळा कोपरा डोकावत होता.

मामांनी चादरी उपसून गोधडी बाहेर ओढली. सुकलेला थेंब पार काळपट होऊन कापडात रुतला होता. शिजला होता.

मग सुरू झाला आटापिटा. गार पाण्यात बुडवून झालं. मीठ चोळून झालं. पेरॉक्साइड ओतलं, फेस आला आणि विरला. डाग काढायची परदेशी पावडर झाली. ओलं असताना डाग गेल्यासारखा वाटायचा. पंख्याखाली ठिगळ वाळलं की हळूहळू वर यायचा. जणू खालून कुणी ढकलतंय.

रात्री जावई जेवणाचा डबा घेऊन आला.

"मामा, दोन घास खाऊन घ्या. बाजारात नवीन मिळतात की गोधड्या."

"तुम्ही घरी जा."

"अहो, पण एवढासा तर डाग..."

"दिसतोय ना? दिसतोय तर एवढासा कसा?"

जावयाने डबा ठेवला आणि निघून गेला. मामांनी आतून कुलूप लावलं आणि पुन्हा बादलीशी बसले. बोटं गारठून पांढरी पडली. डाग होता तिथेच. शेवटी त्यांनी बादलीला अशी लाथ घातली की दुकानभर पाणी झालं. "आयुष्यभर लोकांना अक्कल शिकवली! घरच्या डागाला मात्र गाढव निघालो!"

मग दुकानात ठेवलेल्या मामींच्या शिवणाच्या डब्यातलं पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घेतलं. दोरा तोडला, चघळला, बोळा करून टिपला. घासला. काही नाही. मामींचं रक्त होतं ते, मामांची थुंकी काय कामाची? त्यांनी रीळ भिरकावलं. ते टांगलेल्या कपड्यांखाली अंधारात घरंगळत गेलं.

"हात लावू नका म्हणालीस ना?" मामा गोधडीवर ओरडले. "मीच काढते म्हणालीस? मग काढ ना! सकाळी पोरगी येतेय. मी काय तोंड दाखवू तिला? ये आणि काढ!"

दुकान शांत झालं.

पंखा फिरत होता. मग तोही थांबला. दिवा मात्र चालू होता.

मागे, कपड्यांखाली... रीळ हललं.

घरंगळलं नाही. फिरलं. कुणी दोरा ओढला की फिरतं, तसं. थोडं. थांबलं. पुन्हा थोडं.

टच्च.

दोरा दातांनी तोडल्याचा आवाज. संसारभर रोज ऐकलेला.

मामा पुटपुटले, "कोण...?"

...

"तू...?"

...

टांगलेल्या कपड्यांच्या प्लॅस्टिक पिशव्या सळसळल्या. आधी टोकाची. मग तिच्या अलीकडची. मग तिच्याही अलीकडची. मामांनी मागे पाहिलं नाही. डोळे गच्च मिटले. गोधडी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

पाठीशी कुणीतरी चघळत होतं. सावकाश.

मग त्यांच्या मनगटावर काहीतरी टेकलं. गार. त्याने हात बाजूला सारला. रागाने नाही. लुडबुड करणाऱ्याचा सारतात, तसा.

मामांनी गोधडी सोडली.

...

सकाळी जावयाने शटर बडवलं तेव्हा मामा स्टुलावर तसेच बसलेले. कुलूप आतून होतं तसंच. गोधडी टेबलावर पसरलेली. मधलं ठिगळ पांढरंशुभ्र, कोऱ्या शर्टासारखं. आणि ठिगळाच्या मधोमध चघळलेल्या दोऱ्याचा ओला बोळा. आत लालसर झाक.

मामांनी बोळा उचलून मुठीत लपवला आणि गोधडीची घडी जावयाच्या हाती दिली. नात त्याच गोधडीत घरी आली. लेकीने ठिगळ गालाला लावलं आणि म्हणाली, "बाबा, कसं हो काढलंत?" मामा डागांवर तासभर बोलू शकणारा माणूस. त्या दिवशी मूठ खिशात घातली आणि नातीकडे वळले.

बोळा इस्त्रीच्या टेबलाच्या खणात आहे, रिकाम्या काडेपेटीत. त्या खणात ठेवलेली साबणाची वडीसुद्धा उष्णतेने तडकते. मला मामांनी हे सगळं एकदाच सांगितलं. पण तुम्ही जाऊन विचारलंत, तर सांगणार नाहीत काही. काडेपेटी उघडतील. बोळा टेबलावर ठेवतील. तापलेली इस्त्री त्यावर दाबून धरतील. चर्र होईल, वाफ निघेल. मग इस्त्री उचलतील आणि एवढंच म्हणतील, "लाव बोट."

ओला असतो.

आणि गार.