वहीतली अर्धी ओळ

पटवण्यासाठी लिहीत नाही. घडलं तेवढंच लिहितो.

सोळा जानेवारी, शुक्रवार. दुपारचे चार. दिग्रसमधलं माझं घर.

माझी बायको कोकिळा पोळ्यानंतर आठ दिवसांत वारली. जिनिंग कारखान्यात कापसाची ओल मोजायचं यंत्र होतं, त्याचे प्रोग्राम ती लिहायची. फोर्थ नावाच्या जुन्या भाषेत. ती भाषा आता फारसं कोणी शिकत नाही.

आधी ती चौकटीच्या वहीत पेन्सिलनं लिहायची. एका चौकटीत एक अक्षर. मग मी बाहेर बाजेवर बसून एकेक अक्षर मोठ्यानं वाचायचो आणि आतल्या खोलीत ती कॉम्प्युटरवर टाइप करायची.

"तुमाले यातलं काही समजत नाही, म्हणून तुम्ही चुकत नाही," म्हणायची.

त्या दिवशी लाइट गेली होती. करमेना म्हणून मी तिची शेवटची वही वाचायला घेतली.

एस... डब्ल्यू...

आतून आवाज आला.

टक.

मी थांबलो. आवाजही थांबला.

ए...

टक.

आत जाऊन पाहिलं. कॉम्प्युटरवर झाकलेली तिची जुनी साडी जागची हललीही नव्हती.

भीती वाटली नाही. खरं सांगतो, बरं वाटलं. रोज चारला वाचत राहिलो.

दहाव्या दिवशी शेवटचं पान आलं. अर्ध्या ओळीवर लिहिणं थांबलेलं. पुढं वाचायला काहीच नव्हतं.

आतून तिचा आवाज आला...

"सांगा ना जी. पुढं?"

दुसऱ्या दिवशीही तिनं तेच विचारलं. तिला किती ताटकळत ठेवू? मी मनानंच चार अक्षरं सांगितली.

टक. टक. टक. टक.

मग बराच वेळ काहीच नाही...

खट्ट.

हा आवाज मी ओळखतो. अक्षर पुसायची कळ ढिली झाली होती, तिचा आवाज वेगळा यायचा.

चार वेळा वाजली. माझी चूक पुसली गेली.

मग पाचव्यांदा वाजली.

मी आत धावलो. "कोकिळे, ते तुयं आहे. ते नको पुसू."

कळ वाजतच राहिली. साडीखाली काहीच हलत नव्हतं.

संध्याकाळी वही उघडली. शेवटचं पान कोरं होतं. पेन्सिलीची खूणसुद्धा नाही.

तेव्हापासून मी वाचत नाही. तरी कळ रोज वाजते. रोज एक पान जातं.

अकरा पानं उरली, तेव्हा वही यवतमाळला मुलीकडं, सलोनीकडं पाठवली. माझ्या घरापासून लांब राहील म्हणून. तिला काही सांगितलं नाही. फक्त लिहिलेली पानं मोजायला लावली.

"बाबा, दहा आहेत," ती म्हणाली.

आज परत मोजायला सांगितलं.

नऊ.