कपाटातली शीळ

गोळी गिळली की जीभ वर करून दाखवायची, हा ताईचा नियम होता. धाकटा भाऊ घरीच शिवणकाम करायचा. हातातलं काम न थांबवता तो तोंड उघडायचा आणि म्हणायचा, "घ्या साहेब, झडती घ्या."

ताई स्वतः औषधांच्या दुकानात कामाला होती, त्यात एकदा दुधाने तोंड पोळलेलं. आजाराच्या ऐन भरात भाऊ आपल्या खोलीत भिंतीतल्या कपाटाशी तासन्‌तास बसायचा. आत कुणीतरी शीळ घालतंय म्हणायचा, आनंदाने वेडापिसा व्हायचा. एकदा आत शिरला, तेव्हा बेशुद्धच बाहेर काढावा लागला. तेव्हापासून कपाटाला बाहेरून कडी होती.

गोळ्यांनी तो सावरला, मात्र सगळ्यातलीच गोडी गेली. गाणं नको, गप्पा नकोत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काहीतरी छान घडणार, ही ओढ मेंदूतल्या एका रसायनाने लागते. आजारात ती भलत्याच गोष्टींची लागते. गोळी तिला आवरते, पण कधी कधी चांगल्याची ओढही कमी होते. मात्रा बदलून बघू. मनाने बंद मात्र करू नका."

आणि एका दुपारी त्याच्या खोलीतून शीळ ऐकू आली. अगदी खुशीतली. ताईच्या मनात पाल चुकचुकली. मेला गोळ्या थुंकतोय! उशी, खिसे, सुयांचा डबा, तिने सगळं धुंडाळलं. काही सापडलं नाही. तरी कुठेतरी पाणी मुरतंय, याची तिला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी शीळ सुरू होताच ती दार ढकलून आत गेली.

भाऊ शर्टाला बटण लावत होता. ओठांत टाचण्या धरलेल्या.

शीळ चालूच होती.

"कोण आहे रे?"

त्याने टाचण्या काढल्या. "तेच, कपाटातलं. ते गेलं कुठे होतं? मला आता उघडावंसं वाटत नाही, एवढंच." मग तो थबकला. "तुला ऐकू येतंय?"

ताईला घाबरायला हवं होतं. पण तिला विलक्षण आनंद झाला होता. जन्मभर ज्याची वाट पाहिली, ते दाराआड येऊन उभं राहिलंय असा. तिचा हात कपाटाच्या कडीवर गेला.

"ताई, उघडू नकोस."

"एकदाच बघते रे."

कडी सरकली. शीळ थांबली.

तिने वळून पाहिलं. भावाला सगळं कळत होतं, ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. उठावंसं मात्र वाटत नव्हतं. त्याने दोरा दातांनी तोडला आणि पुढचं बटण घेतलं.