बाराव्या खांबाची नोंद

तोर्चे खिंडीच्या हिमकेंद्रात छेरिंग आला, तेव्हा केंद्रप्रमुख हेमांगी पोंक्षेने त्याला बसा म्हटलं नाही. गेल्या माघात याच वाटाड्याबरोबर केंद्रातच काम करणारा तिचा नवरा सुहृद स्कीवरून चौथ्या उतारावर गेला आणि हिमलोटाखाली सापडला. उतारावरच्या अकराही हिमश्रवकांनी, म्हणजे बर्फाचा आवाज ऐकणाऱ्या यंत्रखांबांनी, त्या सकाळी ‘बर्फ पक्का’ असं कळवलं होतं. म्हणजे दोघं आखलेली वाट सोडून गेले असणार, असा अहवाल हेमांगीनेच दिला. खापर छेरिंगच्या डोक्यावर फुटलं आणि त्याचा परवाना गेला.

“मॅडम, गाव म्हणतं, मी साहेबांना मारलं,” छेरिंग म्हणाला. “माझ्याबरोबर दोन खड्डे खणा. एक तुमच्या खांबाशी, एक तीस पावलांवर. मग तोंड दाखवणार नाही.”

“हिमश्रवक आल्यापासून खड्डे कुणी खणत नाही.”

“म्हणून तर आलो.”

कटकट एकदाची मिटावी म्हणून ती निघाली. उताराच्या कडेला, बिनधोक सपाटीवर शेवटचा खांब होता. त्याच्याशी खणलेला बर्फ तळापर्यंत घट्ट लागला. हेमांगीने नुसती मान उडवली.

तीस पावलांवरच्या खड्ड्यात मात्र तळाचा वीतभर थर फावडं लागताच साखरेसारखा भुरभुरून खाली आला. कणाला कण धरत नव्हता. असल्या साखरथरावर माणसाचा भार आला की तो बसतो आणि वरचा अख्खा उतार निसटतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

“एकाच दिवशी पडलेला बर्फ,” ती पुटपुटली. “ऊन तेच, वारा तोच.”

“खांब काय करतो, मॅडम?”

“दर दहा मिनिटांनी बर्फाला ठोका देतो आणि आतला आवाज ऐकतो. थर कच्चा असेल तर आवाज पोकळ येतो.”

“आमची बायको पिठाचा डबा भरताना आपटत राहते. पीठ खाली बसतं. तुमचा खांब हिवाळाभर आपटतोय.”

हेमांगी खड्ड्याच्या काठावरच बसली. ठोक्यांनी खांबाभोवतीचा कच्चा थर हळूहळू दबतो, कण एकमेकांना चिकटतात.

“म्हणजे खांब खोटं बोलतो?” छेरिंगने विचारलं.

“नाही. खरंच बोलतो. फक्त स्वतःच्या पायापुरतं. आणि आम्ही ते पुढच्या खांबापर्यंत खरं धरतो.”

केंद्रात परतताच तिने आधी खिंड बंद करवली. मग तिच्या मनात पाल चुकचुकली. जुने खांब स्वतःच पक्का केलेला बर्फ ऐकत असतील, तर नुकता रोवलेला खांब तरी खरं सांगत असला पाहिजे. पण नव्या खांबाचे पहिले पंधरा दिवसांचे आकडे केंद्र बाजूला काढत असे. नवा खांब उगाच ओरडतो, रुळला की जुन्यांशी जुळतो, असा सगळ्यांचा अनुभव होता. नियम हेमांगीचा होता.

तिने तीन हिवाळ्यांचे ते आकडे उघडले. कच्च्या बर्फाच्या दिवसांत एकूण एक नवा खांब सुरुवातीला ‘धोका’ म्हणत होता आणि पुढे गप्प होत होता.

चौथ्या उताराच्या यादीत बारावा खांबही निघाला. सुहृदने अपघाताच्या आदल्या संध्याकाळी तो आखलेल्या वाटेवरच रोवला होता. सकाळी सहा चाळीस, धोका. सहा पन्नास, धोका. नऊ वाजता सुहृद निघाला तेव्हाही धोकाच. नऊ वीसला शेवटची नोंद होती. पुढे खांबच हिमलोटात गेला. नियमाप्रमाणे यंत्राने हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

“मिळालं काही?” दारातून छेरिंगने विचारलं.

“वाट तुम्ही सोडली नव्हती. आजच लिहून देते. छेरिंगजी, मला माफ करा.”

त्याने टोपी काढली. तो बाहेर पायरीवर जाऊन बसला.

मिरजेला सासूबाईंनी पहिल्याच रिंगला फोन उचलला. तुमचा मुलगा बेपर्वाईने गेला, असं हेमांगी त्यांना वर्षभर सांगत आली होती, आणि त्या माउलीने ते मुकाट्याने ऐकून घेतलं होतं.

“आई, सुहृदची चूक नव्हती. तो वाटेवरच होता.”



“मला ठाऊकच होतं,” सासूबाई रडत म्हणाल्या. “माझं लेकरू तसं नव्हतंच. मग चूक कुणाची गं?”

“माझी,” हेमांगी म्हणाली, आणि वर्षभर अडून राहिलेलं रडू तिला त्या एका शब्दावर आलं.