मागच्या कॅरियरवर

कॅरियर बसवून देतो रत्नदीप, त्यात काय. शटर तेवढं अर्धं ओढून घे, आणि तू न् प्रतिक्षा त्या बाकावर बसा. उद्या पहाटे टेंभुर्णी, तिथून नावेत सायकली घालून उजनीच्या बेटावर, असाच बेत ना तुमचा? चांगला आहे. जुळे सोलापुरात फ्लॅटखालच्या गाड्यांतून सायकल बाहेर काढेपर्यंतच माणूस निम्मा दमतो. बेटावर मोटार नाही, रिक्षा नाही. धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, वरचा माळ तेवढा राहिला. त्याच्या कडेकडेनं एक वाट फिरते, बैलगाडीची जुनी. सायकलीला याहून काय पाहिजे?

पण कॅरियर म्हणालास म्हणून सांगतो. सायकलीच्या धंद्यात माझे केस पांढरे झाले, गिऱ्हाईक परत पाठवायची मला सवय नाही. ऐका, मग ठरवा.

वळसंगचा शरणबसव माझं जुनं गिऱ्हाईक. काळी, दांडग्या फ्रेमची जुनी सायकल त्याची. धाकटा भाऊ बसू, त्यानं माझ्याकडूनच गिअरची घेतलेली. दोघं सुट्टीला कुठं कुठं फिरायचे. परवाच्या साली डिसेंबरात, तीस तारखेला, सोमवारी वेळ अमावस्या आली. घरचं सगळं रानात जेवायला जाणार, आणि हे दोघं म्हणाले, आम्ही बेट बघून येतो. आई महानंदा चिडली. मग आई ती आईच, पालेभाज्यांची भज्जी आणि बाजरीच्या भाकरी बांधून दिल्या, आंबिलाची बाटली दिली. ते सगळं शरणबसवच्या कॅरियरला बांधलं. निघताना ती एवढंच म्हणाली, "दोगं जावा, दोगं या."

हे मला शरणबसवनं स्वतः सांगितलं. तुम्ही बसलाय त्याच बाकावर बसून.

नाववाल्याचं नाव सयाजी. भला माणूस. उतरवतानाच बजावलं की दिवस मावळायच्या आत इथं या, अमावस्येला अंधारात मी नाव घालत नाही. आणि घालावीच लागली तर त्यांच्यात एक रीत आहे. नावेत चढणाऱ्याच्या तोंडावर बॅटरी मारायची नाही, नाव-गाव विचारायचं नाही. फक्त विचारायचं, किती. सांगतील तेवढे घ्यायचे.

दिवस छान गेला. पलीकडच्या अंगाला एके ठिकाणी जुना डांबरी रस्ता सरळ पाण्यात उतरतो. गावाचा रस्ता तो. तिथं बसून दोघं जेवले. निघायच्या वेळी बसूच्या सायकलीची चेन तुटली. बसू म्हणाला, अण्णा, तू पुढं जाऊन नाव थांबव, मी ढकलत येतो. शरणबसव गेला. नाव थांबवली. सूर्य गेला, बसू आला नाही. सयाजीला हातापाया पडून थोडा वेळ मागून घेतला आणि हा परत फिरला.

आता मधे एक सांगतो, तुमच्या पिढीला ठाऊक नसेल. आमच्याकडं डबलसीट बसायची एक तऱ्हा होती. सायकल थांबवायची नाही. बसणारा मागून दोन पावलं पळायचा आणि चालत्या सायकलीच्या कॅरियरवर उडी टाकायचा. चालवणाऱ्यानं हँडल घट्ट धरायचं, मागं बघायचं नाही. बघितलं की दोघं पडले. आमचे महादेवप्पा मामा एकदा अंधारात भलत्याच्याच मागं बसले आणि राजकारण बोलत बोलत भलत्याच गावी पोचले. उतरल्यावर दोघांनी एकमेकांची तोंडं बघितली.

हसा. आम्हीपण लई हसलो होतो.

शरणबसवला बसूची सायकल सापडली. तो डांबरी रस्ता पाण्यात उतरतो ना, अगदी तिथं. आडवी पडलेली. बसू नव्हता. त्यानं हाका मारल्या. झुडपं बघितली, काठ बघितला. पाण्यात मांडीपर्यंत उतरला. वळसंगचा माणूस, पोहायला येत नाही. मोबाईलचा उजेड होता, तोही बंद पडला. घसा फुटेपर्यंत ओरडला… पाणी तेवढं डुबुक डुबुक वाजत होतं.

मग लांबून सयाजीची हाळी आली. शेवटची.

याला वाटलं, सयाजीलाच इकडं आणावा. एकाला दोघं शोधू. सायकलीवर बसला आणि अंधारात वाट धरली. रडत होता. देवाला काय काय बोलला ते त्यानं मला सांगितलं नाही.

आणि मागं दण्णकन वजन पडलं.

कॅरियरवर. हँडल डुललं, यानं सवयीनं आवळून धरलं. मागं बघितलं नाही. लहानपणापासून बसू असाच बसायचा.

"एल्लिद्दी तम्मा?" तो म्हणाला. घरात त्यांचं कानडीच. कुठं होतास, एवढंच विचारलं.

मागून काही नाही.

पाण्यात पडलास का? लागलं का? आई रागवंल रे. हा कानडीत बोलत राहिला. मागून एक हात आला आणि त्यानं शर्ट धरला. ओला हात. पाठ गार पडली. याला बरंच वाटलं. भिजलाय, घाबरलाय, बोलंल घरी गेल्यावर…

नाव आली. सयाजी वल्हं धरून बसलेला, डोक्यावरून घोंगडं, बॅटरी विझवलेली. शरणबसवनं सायकल आत घातली. नाव एकदा दबली. हा चढला. तो बसल्यावर नाव पुन्हा दबली.

"किती?" सयाजीनं विचारलं.

"दोगं."

"नक्की?"

"दोगं हाय की. चला."

नाव निघाली. बेट मागं पडलं. गार वारा. निम्मं पाणी तुटलं असेल.

मग बेटावरून हाक आली.

"अण्णा… ना इल्ले अदीनी…"

अण्णा, मी इथंच आहे.

प्रतिक्षा, भीमाकाठच्या त्या बुडालेल्या गावात कानडी बोलणारं कुणी नव्हतं. म्हणून तर मागचा बोलला नाही. आणि म्हणून तर ती हाक…

शरणबसव हलला नाही. त्याच्या गुडघ्याला एक ओला गुडघा टेकलेला होता.

"फिरवा," तो म्हणाला. "सयाजीभाऊ, नाव फिरवा."

सयाजीनं वल्हं मारलं. नाव फिरली नाही. पुन्हा मारलं. वल्हं पाणी कापत होतं, नाव सरळच.

"तुमी दोन सांगितलं," सयाजी हळू म्हणाला. "दोन घेतलं. आता ते उतरल्याबिगर न्हाय वळायची."

"माझा भाऊ हाय तितं."

"मागं बघू नका."

"माझा भाऊ हाय…"

हाक पुन्हा आली. बारीक. मग आणखी बारीक. त्यात अण्णा एवढंच कळत होतं.

मग तेही नाही.

काठ लागला. नाव एका अंगानं वर आली. कुणीतरी उतरलं. त्याच क्षणी सयाजीनं नाव वळवली, आता लोण्यासारखी वळली. दोघं परत गेले. रात्रभर बॅटऱ्या घेऊन ते बेट उलथंपालथं केलं. सकाळी कोळी आले, पोलीस आले, पाणबुडे आले. बसूची सायकल होती तिथंच होती.

बसू नाही. अजून नाही.

महानंदाबाईंना काय सांगायचं? तो घरी गेला तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. त्या त्याच्याकडं बघत नव्हत्या, त्याच्या मागं बघत होत्या. म्हणाल्या, "बसूला आत घे की. भिजलाय." शरणबसव तिथंच खाली बसला.

तो अजून दर अमावस्येला त्या काठावर जातो, दिवस मावळायच्या आधी. पाण्याकडं तोंड करून कानडीत हाका मारतो. सयाजी जवळ बसून राहतो. ओ येत नाही.

आणि ती काळी सायकल त्यानं मला आणून दिली. म्हणाला, काका, मला ओढत नाही आता. चढावर तर अजिबात नाही.

ती काय, कोपऱ्यात भिंतीला टेकवलेली. अवघड वाटत असेल तर नको येऊस प्रतिक्षा. रत्नदीप, तू ये. मागचं टायर अंगठ्यानं दाब. दगड आहे की नाही? मीच हवा भरलीय. पंक्चर नाही, ट्यूब पाण्यात बुडवून बघितली. पुढचं टायर बघ, कसं गोल उभंय.

आता खाली वाक, आणि मागचं जमिनीवर कसं दबून पसरलंय ते बघ…