कुडपणच्या सड्यावरची सातवी बोअर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी मी हा विषय काढत नाही.

त्या दिवशी मी कुडपणला गेले ती नेहमीच्याच कामाला. बोअरमधून निघालेल्या दगडाच्या गोल कांड्या तपासायच्या, खुणा करायच्या आणि पेट्यांत लावायच्या. आमची कंपनी तिथल्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या पठारावर, तांबं, सोनं आणि प्लॅटिनमच्या जातीचे धातू शोधत होती. सगळीकडे काळा कातळ. त्यात खालून घुसलेल्या एका दगडी शिरेत काही असलं तर असलं. सहा बोअरमध्ये काहीच लागलं नव्हतं. सातवी गावातल्या हैबतींच्या जमिनीत चालू होती.

मशीन सदू चालवायचा. पस्तिशीचा, कमी बोलणारा. चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात डोंगराचा कडा त्याच्या वाडीवर आला. बाकीची माणसं सापडली. त्याची मोठी बहीण तुळसा तेव्हा चुलीवर भात रांधत होती; ती सापडली नाही. या कामाला का आलास, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "डोंगराच्या पोटात काय हाय, ते बघायचं हाय, मॅडम."

दुपारचे तीन वाजले असतील. दरीतून धुकं वर आलं आणि बघता बघता दहा पावलांवरची जीप दिसेनाशी झाली. दोनशे बारा मीटरवरची कांडी माझ्या हातात होती. तिच्यात पितळी चमकीचा पट्टा होता, बोटाएवढा जाड. तांब्याचं खनिज! दोन वर्षांत पहिल्यांदाच. पुढची नळी खाली जात होती. मी सदूला ओरडून सांगणार, एवढ्यात मशीनने आचका दिला आणि नळ्या हातभर खाली गेल्या. खाली पोकळी होती. सदूने मशीन बंद करून नळ्या वर ओढून घेतल्या.

मग इतकं शांत झालं, की धुक्याचे थेंब पत्र्यावरून ओघळताना ऐकू येत होते. बोअरच्या तोंडातून गार वारा येऊ लागला. त्याला वास होता... ओल्या मातीचा, आणि फार दिवस बंद असलेल्या घराचा.

"सदू..."

बाईचा आवाज. बोअरमधून.

"सदू रे..."

हैबती बांधावर बसले होते. सत्तरीचा माणूस, पण काठी टेकत लगबगीने आले आणि त्यांनी सदूचा खांदा दाबून धरला. "ओ देऊ नको. माणूस तिसरी हाक मारतं. ह्ये दोनच मारतं."

"हवा असेल," मी म्हणाले. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

आम्ही वाट पाहिली. तिसरी हाक आली नाही. जरा वेळाने पुन्हा दोनच. आणि मग ती बोलली.

"चिखुल आलाय रे दारात... मला बाहेर काढ..."

हैबतींचा हात झटकून सदू गुडघ्यांवर पडला आणि बोअरला तोंड लावून ओरडला, "ओ! ओ गो ताय! हाय मी!"

वारा थांबला. खालून कुणी श्वास आत ओढून घ्यावा तसा उलटा आत गेला. सदू माझ्याकडे वळला. त्याचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

महाडच्या डॉक्टरांनी घसा तपासला. सगळं नीट होतं. "धक्का बसलाय, येईल हळूहळू," ते म्हणाले.

पितळी पट्ट्याचं मी कळवलं होतंच; कंपनीला आता खनिज हवं होतं. दुसरा माणूस पाठवतो, बोअर पुढे न्या, असा फोन आला. साहेबांनी मला पहिल्यांदाच शाबासकी दिली. दोन दिवस मी त्यावर काहीच उत्तर दिलं नाही. मान्य करते, ती पितळी चमक माझ्याही डोळ्यांसमोरून जात नव्हती. पण दुसऱ्या कुणाला त्या भोकापाशी उभं करायची छाती झाली नाही. बोअर ढासळली, बुजवावी लागेल, असं मी खोटंच कळवलं.

सिमेंट ओतायला मी, हैबती आणि दोन गडी होतो. सदू न बोलावता आला. पहिली बादली उचलली आणि खालून हाक आली.

"मॅडम..."

तो सदूचा आवाज होता. आणि सदू माझ्या शेजारी उभा होता, ओठ घट्ट मिटून.

"मॅडम... अंधार हाय हितं... ओतू नका..."

'काय रे' माझ्या जिभेवर आलंच होतं. सदूने पुढे होऊन माझ्या तोंडावर तळवा दाबला. दुसऱ्या हाताने त्याने बादलीकडे खूण केली. ओता.

आम्ही ओतत राहिलो. मला वाटलं होतं, आवाज दबत जाईल. तो प्रत्येक बादलीला वर सरकत होता. शेवटी आमच्या पायांशी, अगदी काठाशी, हळू आवाजात विनवत होता. मग सिमेंट काठाला लागलं. सदू खाली बसला आणि रडला. रडण्यालाही आवाज नव्हता.

मी ती नोकरी सोडली. परवा, भर मे महिन्यात, सदूच्या बायकोचा, उज्ज्वलाचा फोन आला.

"आवाज आला का गं त्याचा?" मी विचारलं.

"नाय. दुसरंच इचारायचं होतं, मॅडम. रोज सकाळी ह्यांच्या कानांत माती असते. ओली. मी फडक्यानं काढते. हिरीला पाणी नाय, अंगणात धूळ हाय, दार आतून बंद असतं... मंग ही येते कुठनं?"

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"काल त्या मातीत भाताचं शीत निघालं," ती हळूच म्हणाली. "ऊन-ऊन होतं, मॅडम... हाताला लागलं."