एंटर मी मारणार

वेदश्रीने पुन्हा तोच शब्द टाइप केला, आणि पडद्यावर पुन्हा काहीच आलं नाही.

चूक दाखवली असती तरी तिला चाललं असतं. चूक दाखवली म्हणजे निदान कुणीतरी बोललं. इथे काळ्या पडद्यावर पांढरी खूण लुकलुकत होती, आणि खालच्या चपलांच्या दुकानातली घासाघीस जिन्यावरून वर येत होती. एवढंच.

"त्या नावाचं आधीच एक आहे तिथे," शेजारून आवाज आला.

तिने मान वळवली. स्टुलावर एक तरुण बसला होता. नखांच्या कडांना छपाईची शाई होती आणि उजवा पाय सारखा हलत होता. इतका, की टेबल का थरथरतंय हे तिला आत्ता कळलं.

"काय आहे आधीच?"

"test. तुमच्या प्रोग्रामचं नाव तेच ठेवलंत ना? त्या नावाची एक आज्ञा मशीनकडे मुळातच आहे. तुम्ही हाक मारलीत की ती ओ देते. मुकी आहे बिचारी... काम करते आणि गप्प बसते."

"आणि माझा प्रोग्राम?"

"इथेच आहे. पण मशीन इथे बघतच नाही."

"डोळ्यांसमोर आहे की!"

"हो की. पण त्याच्याकडे ठरलेल्या जागांची एक यादी असते. हाक मारली की तेवढ्याच जागी शोधतं. आपण उभे आहोत तिथेही बघ, हे मुद्दाम सांगावं लागतं. टिंब, तिरकी रेघ, मग नाव."

तिने टाइप केलं – ./test – आणि एंटर मारलं. पडद्यावर तिचीच ओळ उमटली: नमस्कार धारवाड. रोमन अक्षरांत, पण उमटली.

"नमस्कार," तो म्हणाला. "मी हुबळीचा. पण चालेल."

वेदश्रीला हसायचं नव्हतं. ती हसली.

साल दोन हजार. श्रावण. हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या श्रीवत्स सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बाकी सगळ्या मशीनवर रंगीत खिडक्या उघडत. कोपऱ्यातल्या या एकावर सरांनी मासिकासोबत आलेल्या सीडीवरून लिनक्स घातलं होतं. माऊस नाही, चित्रं नाहीत. जे हवं ते शब्दांत लिहून मागायचं. मुलं त्याच्या वाटेला जात नसत. म्हणून ते दोघांच्याच वाट्याला आलं – आधी वेदश्रीचा तास, मग त्या स्टुलावरच्या तरुणाचा, सुमंतचा.

वेदश्रीला ते शिकणं भाग होतं. बेंगळूरची एक कंपनी महिनाअखेरीस धारवाडला येऊन मुलं निवडणार होती. स्वतः लिहिलेला प्रोग्राम फ्लॉपीवर आणायचा, असल्याच काळ्या पडद्यावर त्यांच्यासमोर कंपाइल करायचा, म्हणजे मशीनला चालवता येईल असा तयार करायचा, आणि ते सांगतील तो बदल तिथल्या तिथे करून दाखवायचा. तिचे अण्णा धारवाडात गणिताचे मास्तर. त्यांनी प्रश्न सोडवावा तसं सांगून टाकलं होतं – "निवड झाली तर खुशाल जा. नाही झाली, तर अनसूया बघते आहे त्या स्थळांकडे मी नाही म्हणणार नाही." अनसूया आत्या बेळगावात राहायची, आणि तिच्या शोधाला थकवा ठाऊक नव्हता.

सुमंतचं तसं काही अडलेलं नव्हतं. कमरीपेठेत त्याच्या अप्पांचा छापखाना. मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांतल्या लग्नपत्रिका. एका मोठ्या कागदातून किती पत्रिका निघतात, कागद आडवा धरला तर किती वाया जातो, हे तो पायथॉन नावाच्या संगणकभाषेला विचारायला यायचा.

"यात कंपाइल बिंपाइल काही नाही," त्याने तिला दाखवलं. पडद्यावर तीन बाण उभे होते. त्यापुढे त्याने बेरीज लिहिली, उत्तर खाली हजर. "इंटरप्रिटर आहे हा. एक ओळ म्हणायची, एक उत्तर घ्यायचं. आवडलं नाही तर दुसरी ओळ म्हणायची. गप्पा मारल्यासारखं."

"म्हणजे पुढचा विचार न करता बोलत सुटायचं."

"आणि तुमचा कंपायलर? सगळं ऐकून घेतो, चेहऱ्यावर काही दाखवत नाही, आणि शेवटी एकदम सगळ्या चुका काढतो. ओळ नंबरासकट."

"त्याला नीट वाचणं म्हणतात."

"आमच्याकडे त्याला आत्या म्हणतात."

ती पुन्हा हसली, आणि मग स्वतःवरच चिडून पेनचं टोपण काढत-घालत बसली.

दोघांच्या तासांमधली भिंत हळूहळू पडली. तो लवकर यायला लागला, ती मशीनवरून उशिरा उठायला लागली. अहो-जाहो कधी गळून गेलं ते कुणी पाहिलं नाही. ती यायची तेव्हा छत्री निथळत असायची, आणि लॅमिंग्टन रोडवर लख्ख ऊन.

"बर्री, बर्री," सर दारातूनच म्हणायचे. या, या. "धारवाडचा पाऊस आला बघा."

"धारवाडात पाऊस पडत नाही सर," सुमंत म्हणायचा. "तो तिथे राहतो. भाड्याने."

वेदश्रीचा प्रोग्राम बसचा होता. निघायची वेळ सांगितली की हुबळी-धारवाडची पुढची बस कोणती, ती नवनगरला थांबणार की सरळ जाणार, हे तो सांगायचा. दोन फाइली. main.c मध्ये नुसती प्रश्नोत्तरं. खरी अक्कल bus.c मध्ये.

"बस वेळेवर येत नाही, हे तुझ्या प्रोग्रामला माहीत आहे का?" सुमंतने विचारलं.

"प्रोग्राम बरोबर आहे. बस चुकते."

"आणि आपण स्टँडवर उभे."

'आपण' हा शब्द दोघांनी ऐकला. वेदश्री पेनचं टोपण काढत-घालत राहिली. सुमंतचा पाय जोरात हलायला लागला.

त्याला हल्ली चैन पडेना. छापखान्यात कुणाच्या तरी पत्रिकेचा मजकूर तपासताना तो त्याच ओळीवर परत परत यायचा. ही पास झाली तर बेंगळूरला जाणार. नापास झाली तर आत्या म्हणेल त्या गावाला जाणार. गणित दोन्ही बाजूंनी करून पाहिलं तरी उत्तर एकच येत होतं. आणि तो तिला शिकवत होता – झटपट, मनापासून, जणू तिला लवकर घालवायचंच आहे.

निवडीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, वेदश्री दुपारीच आली. जुनी फ्लॉपी धारवाडच्या ओलीने आंबली होती. उघडतच नव्हती. नवी कोरी फ्लॉपी पिशवीत होती.

"शेवटचा बदल राहिलाय," ती म्हणाली. "जुना तयार झालेला bus मी पुसून टाकलाय. आता सगळं पहिल्यापासून कंपाइल करायचं, चाललं की फ्लॉपीवर घ्यायचं. तू भरभर लिहितोस, मी सांगते. तू टाइप कर."

सुमंत बसला. ती मागे उभी राहिली. तिच्या ओल्या ओढणीचं टोक त्याच्या खांद्याला लागत होतं... ती सांगत गेली, तो टाइप करत गेला. बदल संपला. आता एकच आज्ञा उरली – bus या नावाने प्रोग्राम तयार कर, आणि तो या दोन फाइलींपासून कर.

bus हे अख्खं नाव लिहायचा सुमंतला कंटाळा. त्याने दोन अक्षरं लिहून सवयीने टॅब दाबला, म्हणजे उरलेलं मशीन भरतं. मशीनने भरलं. फक्त, bus पुसलेला असल्यामुळे त्याला त्या नावाचं एकच काय ते सापडलं: bus.c. ओळीत bus.c दिसलं म्हणून ती फाइल लिहून झाली असं समजून त्याने पुढे main.c लिहिलं, आणि तिने वाचण्याआधी एंटर मारलं.

gcc -o bus.c main.c

"थांब –" ती म्हणाली. उशीर झाला होता.

तयार माल ठेवायला त्याने जागा दाखवली होती ती तिच्या फाइलीची. मशीनने मुकाट्याने ती फाइल रिकामी केली, काम जमत नाही अशी तक्रार केली, आणि आपला कचरा समजून ती पुसूनही टाकली. वेदश्रीने पुढे वाकून ls लिहिलं. फाइलींची नावं यायला हवी होती. main.c एकटीच आली.

पंखा फिरत होता. कुणीतरी पलीकडे रंगीत पडद्यावर पत्ते खेळत होतं.

"हे मागे घेता येतं?" तिने विचारलं.

"नाही."

"तुझ्या त्या तीन बाणांसारखं – दुसरी ओळ म्हणायची?"

"नाही, वेदा. इथे नाही."

ती सरळ उभी राहिली. आवाज खाली होता, म्हणून जास्त लागला. "मुद्दाम केलंस?"

"काय?"

"मी जाऊ नये म्हणून. खरं सांग."

सुमंतचा पाय थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच टेबल स्थिर झालं.

"तू जाऊ नयेस असं वाटतं," तो म्हणाला. "रोज वाटतं. तू जिना चढतेस तेव्हापासून उतरेपर्यंत तेच वाटतं. पण हे मुद्दाम नाही केलं. हे नुसतं... एंटर मारायची घाई झाली. मला सगळ्याचीच घाई होते. फक्त एकाच गोष्टीची झाली नाही, आणि ती आत्ता, असल्या वेळी बोलून बसलो."

वेदश्रीची नजर दाराकडे गेली. दाराशी श्रीवत्स सर उभे होते. त्यांनी पडदा पाहिला, दोघांचे चेहरे पाहिले.

"होग्ली बिडु," ते हळूच म्हणाले. जाऊ दे, सोड. "फाइल गेली. डोकं गेलं का? संध्याकाळची बॅच मी पुढच्या खोलीत घेतो. बसा तुम्ही."

वेदश्रीने स्टूल ओढलं. डोळे मिटले. मग तिने सुरुवात केली – पहिल्या ओळीपासून, एकही शब्द न अडखळता. सगळं आधी डोक्यात पूर्ण करून मगच कागदावर उतरवायची तिची सवय. सुमंत त्याला कासवपणा म्हणायचा. आता त्याची बोटं तिच्यामागे धावत होती.

"कंस बंद," ती म्हणाली. "आता आज्ञा लिही. पूर्ण नाव लिही. टॅबला हात लावायचा नाही."

त्याने लिहिलं. बोट एंटरकडे गेलं. तिने त्याचं मनगट धरलं.

"एंटर मी मारणार."

तिने ओळ वाचली. अक्षर न् अक्षर. मनगट तिच्या हातात तसंच राहिलं, कारण सोडायचं तिच्या लक्षात आलं नाही – किंवा आलं असावं. मग तिने दुसऱ्या हाताने एंटर मारलं.

कुठलीही तक्रार न करता पुढची ओळ लुकलुकली. या मशीनची शांतता म्हणजे शाबासकी, हे आता तिला माहीत होतं.

शनिवारी धारवाडात भुरभुर चालू होती. निवड एका कॉलेजच्या हॉलमध्ये होती. परीक्षकांनी तिला बस चुकली तर त्यानंतरची कोणती, हे दाखवायला सांगितलं. तिने बदल केला, वाचला, कंपाइल केला, टिंब आणि तिरकी रेघ देऊन चालवला. शेजारचा मुलगा आपल्या प्रोग्रामला नुसत्या नावाने हाका मारत होता, आणि मशीन त्याला ओळखत नव्हतं.

दुपारी नावं वाचून दाखवली. तिचं होतं.

फाटकाबाहेर बसथांब्याच्या पत्र्याखाली सुमंत उभा होता. चिंब. हुबळीहून उन्हात निघालेला, छत्रीशिवाय.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं. पुढच्या महिन्यात जायचं."

"छान." तो खरंच हसला. मग पाण्याकडे बघत राहिला. पाय हलायला लागला. "काल मी एक ओळ बोललो होतो. उत्तर आलं नाही."

"माझं इंटरप्रिटरसारखं नाही. सगळं वाचून झाल्याशिवाय मी बोलत नाही."

"मग... वाचून झालं?"

"रात्रभर वाचलं. एक चूक सापडली."

"कितव्या ओळीत?"

"मी जाऊ नये असं म्हणालास, तिथे. मी जाणार, सुमंत."

"ती काढली," तो लगेच म्हणाला. "जा. हुबळीहून बेंगळूरला रोज गाडी आहे. छापखान्याला सुट्टी असते. उरलेलं?"

"उरलेलं बरोबर आहे."

बस आली. सरळ जाणारी नव्हती, नवनगरवाली होती, आणि वेळेच्या बरीच मागे होती. दोघंही चढले नाहीत. कंडक्टरने "होगतीरेन?" – जाताय का – म्हणून विचारलं, दोघांकडे एक नजर टाकली आणि उत्तराची वाट न बघता घंटी दिली.

"आणि आत्या?" सुमंतने विचारलं.

"आत्याने बेळगाव शोधलं, सांगली शोधली, पुणं शोधलं. तिच्याकडे ठरलेल्या गावांची यादी आहे." वेदश्रीने छत्री उघडली आणि अर्धी त्याच्यावर धरली. "इथे बघ, असं तिला कुणी सांगितलंच नाही."

"तू सांगणार?"

"आज. ती आलीय घरी. अण्णांच्या समोर सांगणार. टिंब, तिरकी रेघ..." ती थांबली. गालावरचा थेंब पुसायचं निमित्त झालं. "सुमंत."

"अण्णा काय म्हणतील?"

"चुका काढतील. ओळ नंबरासकट. छापखाना का, कमरीपेठ का, शिक्षण किती..."

"एकेक दुरुस्त करू," तो म्हणाला, आणि त्याच्याने राहवलं नाही. "मी येऊ तुझ्याबरोबर? आत्ताच? चल ना, सरळ सांगून टाकू – "

वेदश्रीने त्याचं मनगट धरलं. शाई अजून नखांत होतीच.

"घाई नको," ती म्हणाली. "चल. पण एंटर मी मारणार."